काडी कशाला लागते

"ही भित शे का पापड शे, काय समजत नही. ब्रश टेकाडा का पोपडा निंघस."

मगन पेंटर स्टुलावर उभा राहून लॅबच्या भिंतीशी बोलत होता. भिंत ऐकून घेत होती. खाली स्टूल धरून उभी असलेली द्रौपदाबाईही ऐकून घेत होती, कारण तिचं डोकं मगनच्या पोटरीपाशी होतं आणि हात सोडला असता तर मगन थेट ॲसिडच्या कपाटावर आला असता.

"नि इतलं वर लिखानं. वाचनार कोन? पोरं तं मोबाइलमा मुंडकं घालीसन बसतस."

"तू लिख ना भाऊ. वाचनारा वाचतीन."

"तुमले काय, अक्का. तुमले खालेच उभं ऱ्हावानं शे."

खडूच्या भुकटीत बुडवलेला दोरा मगनने भिंतीवर आडवा ताणला, एक टोक खिळ्याला, एक टोक दातात धरून, आणि मध्ये टिचकी मारली. भिंतीवर पांढरी सरळ रेघ उमटली. वीतभर खाली दुसरी. आता या दोन रेघांच्या मध्ये निळ्या ऑइलपेंटने एक वाक्य बसवायचं होतं आणि ते दुपारी तीनच्या आत वाळायला हवं होतं.

चोपड्याच्या या ज्युनिअर कॉलेजात भाईदास सरांनी बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. आज त्यांचा शेवटचा दिवस. उद्या सकाळी ते धुळ्याला मुलाकडे कायमचे जाणार होते. सामानाचा टेम्पो परवाच पुढे गेला होता. जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, शाल-नारळ सगळेच देतात, आपण सरांचं वाक्यच भिंतीवर लिहून ठेवू. कुठलं वाक्य, हे कोणी कोणाला विचारलंही नाही. सरांचं वाक्य म्हणजे एकच.

बंध तुटना, ताकद सुटनी.

बंध तुटला की शक्ती सुटते. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात, 'रासायनिक ऊर्जा येते कुठून' हा धडा सुरू करताना सर ते म्हणायचे. पुस्तकातलं मराठी पोरांच्या डोक्यावरून जायचं. कपाशीच्या आणि केळीच्या शेतातून आलेली पोरं, घरी बठ्ठं, म्हणजे सगळं, बोलणं अहिराणीत. सरांनी धडा त्यांच्या बोलीत आणला, त्याला यमक लावलं, आणि ते गावभर झालं. कबड्डीच्या संघाने ते आरोळीला घेतलं. जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव तेच होतं. सरांचा जुना विद्यार्थी ललित, ज्याचं आता धरणगाव रस्त्याला कापसाचं जिनिंग आहे, त्याने ते आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे रंगवून घेतलं होतं. हॉर्न वाजवा वगैरे सोडून. ट्रॉली चढाला लागली की मागचे मोटारसायकलवाले ते वाचत वाचत यायचे.

वाक्यात खोट एवढीच होती की ते चुकीचं होतं.

हे आज या इमारतीत दोघींना पक्कं माहीत होतं. एक, उद्यापासून सरांच्या जागी शिकवणाऱ्या ज्योती मॅडम. दुसरी, सातवी पास द्रौपदाबाई. तिसरी होती शिल्पा, द्रौपदाबाईची लेक. ती जळगावच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच शिकवायची, आणि या घटकेला एसटीत बसून चोपड्याकडे यायला निघाली होती.

*

द्रौपदाबाई या लॅबमध्ये आली तेव्हा शाळेतली एबीसीडी ती पार विसरली होती. नवरा, बन्सीलाल, इथेच परिचर होता. तो गेला आणि अनुकंपेवर ती जागा हिला मिळाली. शिल्पा चार वर्षांची होती. पहिल्या दिवशी पदराने तोंड झाकून ती कपाटासमोर उभी राहिली. शंभर-सव्वाशे बाटल्या, सगळ्या सारख्याच तपकिरी, आणि प्रत्येकीवर इंग्रजी.

सरांनी दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या. म्हणाले, "द्रौपदाबाई, एकीनं हात धुतला तर काही होत नाही. दुसरीनं धुतला तर हातच राहत नाही. कोणती कोणती, सांगा."

"माले काय म्हाईत, सर."

"म्हणूनच शिकायचं."

तिची एबीसीडी एपासून सुरू झालीच नाही. ती एचपासून सुरू झाली. मग सी, मग एल. हायड्रोक्लोरिकच्या बाटलीवरचं एचसीएल वाचून झालं तेव्हा तिला तीन अक्षरं येत होती, आणि सल्फ्युरिकचं एचटूएसओफोर वाचलं तेव्हा पाच. झेड तिला झिंकमुळे आला. डब्ल्यू बरेच दिवस आला नाही. डब्ल्यूची बाटलीच नव्हती. सर रोज प्रॅक्टिकल संपल्यावर दहा मिनिटं एक बाटली वाचून घ्यायचे, आणि तिने वाचली नाही तर रागवायचे नाहीत, फक्त झाकण उघडून वास घे म्हणायचे. अमोनियाच्या वेळी तिला वर्षभराचं रडू एका दमात आलं. सरांनी खिडकी उघडली आणि सातपुड्याकडे तोंड करून उभे राहिले. तिचं रडणं किती अमोनियाचं आणि किती बन्सीलालचं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. तेवढ्यासाठीसुद्धा ती त्यांचं नाव घेताना आजही डोक्यावर पदर घ्यायची.

सव्वीस वर्षांत तिच्या तळहाताला लॅब पाठ झाली. कुठली पूड पाण्यात टाकली की परीक्षानळी गार पडते, कुठली टाकली की चटका बसतो, हे ती डोळे मिटून सांगायची. पोरांच्या हातून आम्ल-अल्कली एकत्र झालं की ती नळीला बाहेरून हात लावून म्हणायची, "झायं तुमनं. गरम झायी." नवे सर-मॅडम तापमापी शोधेपर्यंत तिचा निकाल लागलेला असायचा.

आणि असंच एका सकाळी, नऊ वर्षांपूर्वी, बर्नर पेटवताना ती थांबली. काडी बोटात जळत होती. सर समोर बसून जर्नलं तपासत होते. मागच्याच तासाला पोरांनी कल्ला करून वाक्य म्हटलं होतं, ते अजून कानात होतं.

"सर, एक इचारू?"

"विचारा ना."

"बंध तुटना का ताकद सुटनी. मंग काडी कसाले लागस?"

सरांनी मान वर केली.

"नही, म्हंजे," ती संकोचली, "तुटीसनच जर ताकद सुटस, तं गॅसनी कॉक सोडता बराबर पेटी जावाले पाहिजे ना. त्याले आधी आपलीच आग काब्र द्यानी पडस?"

काडी तिच्या बोटाशी आली. तिने ती झटकली.

"काडी म्हणजे सुरुवातीचा धक्का," सर म्हणाले आणि पुन्हा जर्नलात बघायला लागले.

"आसं का," ती म्हणाली, आणि दुसरी काडी ओढली.

पण ते उत्तर दातात अडकलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखं राहिलं. दिसत नव्हतं, दुखत नव्हतं, जीभ मात्र सारखी तिथेच जायची. सरांचीही जीभ तिथेच जात असेल, हे तिच्या डोक्यात आलं नाही. सरांनी त्या दिवशी सहा जर्नलांत एकेक पान दोन-दोनदा तपासलं, एवढं तिने पाहिलं होतं. डोळ्यांचा नंबर वाढला असेल, असं तिला वाटलं.

पुढच्या वर्षी शिल्पाची एमएस्सीची तोंडी परीक्षा होती. ती परीक्षा देऊन घरी आली ती थेट चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, येऊन बसली. द्रौपदाबाई कळण्याची भाकरी थापत होती.

"आई, मला विचारलं, ज्वलनात ऊर्जा कुठून येते. मी सरांचं वाक्य म्हटलं. मराठीत करून म्हटलं, पण तेच."

"मंग? बरोबर म्हनी."

"त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, एमएस्सीला येऊन हे?" शिल्पाने गुडघ्यांत तोंड घातलं. "बाकीचे हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं."

तव्यावरची भाकरी करपली. असं त्या घरात सहसा होत नव्हतं.

मग शिल्पाने तिला सांगितलं. कुठलाही बंध तोडायचा तर जोर लावावा लागतो, आपोआप कुठलाच तुटत नाही. काडी त्यासाठी. गॅसचे बंध सोडवायला, हवेतल्या ऑक्सिजनचे सोडवायला. मग सुटलेले कण नव्याने एकमेकांशी जुळतात, त्याचं पाणी होतं, कार्बन डायऑक्साइड होतो. हे नवे बंध जुन्यांपेक्षा घट्ट. घट्ट जुळताना जी ऊर्जा बाहेर पडते, ती तोडायला लागली त्याहून जास्त. जे उरतं, त्याच्यावर आपली भाकरी भाजते, आणि पुढच्या कणांना पुन्हा काडी लावावी लागत नाही.

"म्हणजे ताकद तुटण्यात नसते, आई. जुळण्यात असते."

द्रौपदाबाई पिठाचे हात तसेच धरून बसली. तिला लॅबच्या ड्रॉवरमधल्या त्या दोन पांढऱ्या गोळ्या आठवत होत्या. ढवळण्याच्या यंत्रातल्या, आत लोहचुंबक असलेल्या. त्या एकमेकींना चिकटल्या की सोडवताना नखं दुखायची. आणि सोडवून जरा जवळ ठेवल्या, की टक्कन उडी मारून एकमेकींवर आपटायच्या. एकदा मध्ये तिचं बोट सापडलं होतं. चामडी लाल झाली होती चिमट्याने.

"चिमटा सोडवताना नही बसना," ती हळूच म्हणाली. "जुयताना बसना."

शिल्पाने मान वर करून आईकडे पाहिलं. हे कळायला तिला एमएस्सीची दोन वर्षं लागली होती.

"मंग सरले सांग ना तू."

"मी? तू सांग. तुझी रोजची ओळख."

"मी काय सांगू? त्यास्नी माले एच शिकाडा."

त्या दोघींनी ते बोलणं तिथेच ठेवलं. करपलेली भाकरी द्रौपदाबाईने स्वतः खाल्ली. आठ वर्षं झाली त्याला.

*

"अक्का, केवढं मोठं लिहितोय हा?"

ज्योती मॅडम दारात उभ्या होत्या. मगनचं 'बंध' पुरं झालं होतं. अक्षर खरोखर देखणं होतं. मगन तोंडाने कितीही वाकडा असला तरी त्याच्या ब्रशला तसं म्हणता आलं नसतं.

"वीतभर, मॅडम."

ज्योती मॅडम येऊन टेबलाशी बसल्या. त्याही सरांच्याच विद्यार्थिनी. सरांनी संस्थेकडे शब्द टाकला म्हणून इथे लागल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "म्हणजे उद्यापासून खाली फळ्यावर मी एक लिहिणार, आणि डोक्यावर वीतभर दुसरंच. पोरं कोणाचं खरं मानणार?"

"वरचंच. ते रंगनं शे. तुमनं खडूनं."

"हसू नका हो. मी काय करते माहितीये? पोरांना सांगते, पेपरात लिहा असं, आणि सरांसमोर म्हणा तसं. चार वर्षं हेच करतेय."

"मंग सरले सांगी द्या ना."

"आज? शेवटच्या दिवशी? सगळं गाव गोळा होणार, आणि मी उठून सांगू की सर, तुम्ही... तुम्ही सांगा. तुमचं ऐकतात ते."

"मी सातवी पास."

"तेच तर. तुमच्यावर कोण रागावणार?"

यावर द्रौपदाबाईने परीक्षानळ्या धुवायला घेतल्या. उत्तर द्यायचं नसलं की नळ्या बऱ्या पडतात. ब्रश आत घालून फिरवायचा, पाणी ओतायचं, उजेडाला धरायचं.

"अजून म्हणतात का हो सर वर्गात ते?" ज्योती मॅडमनी सहज विचारलं. "माझा तास बाजूच्याच खोलीत असतो. आरोळी ऐकू येते, पण ती पोरांची."

"म्हनतस ना. का नही म्हनावू?" असं म्हणता म्हणता द्रौपदाबाईचा ब्रश नळीत अडकल्यासारखा थांबला.

ती नळी धरून उभी राहिली. लॅबला लागूनच वर्ग, मधलं दार उघडं. सव्वीस वर्षं ती त्या दाराच्या अलीकडे उभी राहून तो धडा ऐकत आली होती. आता तिने मागे मागे जाऊन आठवायला सुरुवात केली. मागच्या जुलैत सर म्हणाले, 'तर, बंध...' आणि खडू ठेवून दिला. पुढचं पोरं ओरडली, त्यांच्या मोठ्या भावांनी शिकवून पाठवलेली. सर खिडकीतून सातपुडा बघत होते. त्याच्या आदल्या वर्षी? 'बंध' म्हणून सरांना खोकला आला. त्याच्या आदल्या वर्षीही खोकलाच. तिने तेव्हा आलेपाक आणून दिला होता, सरांचा घसा या धड्याला नेमका बसतो म्हणून. सरांनी तो घेतला, काही न बोलता खाल्ला.

कधीपासून? बोटं मोजून ती जिथे पोचली, तिथे एक सकाळ होती आणि बोटात जळणारी काडी.

त्या दिवसापासून सरांनी वाक्य पुरं केलेलं नव्हतं. एकदाही.

म्हणजे त्यांना माहीत होतं. तिच्याहीआधी. ती आठ वर्षं सरांपासून लपवत होती, आणि सर नऊ वर्षं साऱ्या गावापासून. आणि आज तेच वाक्य त्यांच्या डोक्यावर निळ्या ऑइलपेंटने चढवून, टाळ्या वाजवून, लोक त्यांना धुळ्याच्या गाडीत बसवणार होते.

"मगन भाऊ!"

मगनने 'तु'चा पहिला फराटा ओढायला ब्रश उचलला होता.

"तो शब्द नको लिखू. पुढला लिख."

"काय?"

"'ताकद सुटनी' लिख. मधमा जागा सोड."

मगनने स्टुलावरून खाली वाकून तिच्या तोंडाकडे बघितलं. "अक्का, तुमना जीव बरा शे ना? लोक म्हनतीन, मगनले तुटना लिखता ऊना नही. मन्ही दुकान आठेच शे, माले उद्या तोंड दखाडनं शे."

"मन्हं नाव सांग. मीच सांगं म्हन."

"कितली जागा सोडू मंग? मापं तं सांगा."

तिने मनात एक शब्द म्हणून पाहिला. बोटांवर मोजला.

"तीन अक्षरंनी," ती म्हणाली. "तितलीच."

ज्योती मॅडम उठून उभ्या राहिल्या होत्या. "अक्का, हे तुम्ही काय करताय? सरांना चारचौघांत..."

"मी काहीच लिखेल नही, मॅडम. फक्त जागा ठेई." तिने नळी स्टँडमध्ये उलटी लावली. मग पुढची नळी उचलली, ती धुतलेलीच होती. सरांना लागलं तर? ते नुसते 'द्रौपदाबाई' म्हणून थांबले, आणि तसेच उद्या धुळ्याला निघून गेले तर? सव्वीस वर्षांची ती खुर्ची, ती खिडकी, ते एच, सगळं तिच्या हाताने पुसलं गेलं असतं, आणि परत मागायला सर इथे नसते.

मगनने पुटपुटत 'ताकद सुटनी' लिहिलं. त्याचा 'ट' फारच सुंदर आला, पण त्याला आज त्याचा आनंद झाला नाही.

*

तीनला लॅब भरून गेली. स्टुलं कमी पडली तेव्हा लोक टेबलांवर बसले, आणि द्रौपदाबाईला सवयीने ओरडावंसं वाटलं, ॲसिडच्या टेबलावर बसू नका म्हणून. भिंतीवर लॅबचाच काळा पडदा टाकला होता. ललितने गुलालाची पिशवी आणली होती, ती तिने दारातच काढून घेतली. "आठे नही. बर्नर शेत." ललितचं पोट सुटलं होतं, पण अक्कासमोर तो अजून अकरावीतच होता. त्याने निमूटपणे पिशवी दिली.

शिल्पा आली, ती मागे पिपेटच्या कपाटाला टेकून उभी राहिली. आईजवळ येऊन कानाशी म्हणाली, "लिहिलं का तेच?"

"देख आते."

सर आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. संस्थेने नुकतीच अंगावर घातलेली शाल सांभाळता येत नव्हती. ललितने भाषण केलं. त्यात ट्रॉली आली, कबड्डी आली, लग्नात वाजंत्रीवाल्याने ते वाक्य कसं गायलं तेही आलं. लोक हसले. सर हसल्यासारखे दिसले.

"तं आते सरना हातखाल," ललित म्हणाला आणि त्याने पडद्याची दोरी सरांच्या हातात दिली.

पडदा पडला.

बंध, मग हातभर पांढरी भिंत, मग ताकद सुटनी.

लोक जोरात हसले. "मगन भाऊ," ललित म्हणाला, "मधला शब्द नाश्तामा खाई गया का?"

मगन कोपऱ्यात डबा घेऊन उभा होता. त्याने ब्रशचा दांडा द्रौपदाबाईकडे केला. "अक्कास्नी सांगं. आते त्यास्लेच इचारा."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ललितला वाटलं, ही काहीतरी गंमत आहे. अक्कांनी ठरवून सरांसाठी ठेवली असणार. तो खुलला. "आरे वा, रिकामी जागा भरा! बठ्ठास्ले पाठ शे. सर, तुम्ही म्हना 'बंध', आम्ही पुरं करतस."

सर त्या मोकळ्या भिंतीकडे बघत होते. ललितनेच हात वर करून "बंध..." म्हटलं आणि तीस-चाळीस गळे एकदम ओरडले, "तुटना!" काचेची भांडी किणकिणली.

"द्रौपदाबाई," सर म्हणाले. आवाज अगदी रोजचा होता. "जागा का सोडली?"

रंग संपला, असं सांगता आलं असतं. मगनने साक्षही दिली असती, शिव्या देत. ज्योती मॅडम शालीच्या पिशवीची घडी घालत होत्या. शिल्पा जमिनीकडे बघत होती. द्रौपदाबाईने डोक्यावर पदर घेतला. हात आपोआप बर्नरजवळच्या काडेपेटीकडे गेला, आणि ती तिने नुसतीच मुठीत धरली.

"सर, एक इचारनं व्हतं."

"विचारा ना."

"काडी कसाले लागस?"

"काय अक्का," ललित हसला, "बिडी पेटाडाले."

दोघं-तिघं हसले, आणि सर हसले नाहीत म्हणून थांबले. सरांनी चष्मा काढला. शालीच्या टोकाने पुसायला लागले, पण जरीने काच पुसली जात नव्हती.

"नऊ वर्षं झाली तुम्हाला हे विचारून," ते म्हणाले.

"हो सर."

"त्या दिवशी मी खोटं उत्तर दिलं नव्हतं. अर्धं दिलं होतं. घरी जाऊन पुस्तकं काढली. जुनी काढली, नवी मागवली. सगळ्यांत तुमचंच बरोबर होतं." मग त्यांच्या तोंडात आपोआप अहिराणी आली, धडा समजावताना यायची तशी. "मी वर्गमा म्हननं बंद करं. तितलंच करं. तुमना आलेपाक खाई ऱ्हायनू दर वरीस."

सरांनी शाल काढून ललितच्या हातात दिली. ललितने ती घेतली, पण त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याला अजून काहीच कळलं नव्हतं, आणि काहीतरी कळायला लागलं होतं. सर मगनपाशी गेले आणि त्यांनी हात पुढे केला. मगनने ब्रश दिला. निळ्यात बुडवून, काठावर निथळून दिला, कारण सरांचा शर्ट पांढरा होता.

सर स्टुलावर चढायला लागले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, स्टूल एकदा हललं. द्रौपदाबाई धावत गेली आणि तिने दोन्ही हातांनी स्टूल धरलं.

मगनच्या घोटीव अक्षरांच्या मध्ये सरांनी आपल्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं. जु. मग य. एक थेंब ओघळला, तो त्यांनी अंगठ्याने पुसला. मग ना. बरोबर बसलं. एक केसभर जागा उरली नाही.

"बंध जुयना," मागून शिल्पाने हळू वाचलं, "ताकद सुटनी."

सर स्टुलावरच वळले. खाली त्यांची बत्तीस वर्षं दाटीवाटीने बसली होती, कोणी टेबलावर, कोणी खिडकीत, काहींचे केस पिकलेले. कोणी ओरडलं नाही. द्रौपदाबाईचं डोकं सरांच्या पायापाशी होतं, म्हणून त्यांनी श्वास घेतलेला तिला आधी ऐकू आला.

"बसा रे," सर म्हणाले. सगळे बसलेलेच होते. "मी तुम्हले चुकीचं शिकाडं."